हातावर घातलेलं पाणी

नदीकाठच्या एका गावात, फार जुन्या काळी, कापड रंगवण्याचा एक मोठा कारखाना होता. मालकाने तिथे दोन कारभारी नेमले होते, एक मालाचा आणि एक माणसांचा. माणसांच्या कारभाऱ्याचं काम तसं सोपं. कुणाला काय दुखतंय-खुपतंय ते ओट्यावर बसून ऐकायचं आणि त्याची तड लावायची. सोपं म्हणते खरी, पण पुढे ऐका.

तिथली एक रीत होती. गाऱ्हाणं घेऊन कुणी आलं, की कारभाऱ्याने स्वतः तांब्या उचलून त्याच्या रंगाने माखलेल्या हातांवर पाणी घालायचं. पाणी घातलं म्हणजे शब्द दिला. बोलणाऱ्याचं नाव त्या ओट्यावरून खाली उतरायचं नाही.

एक दिवस एक रंगारीण आली. हात धुऊन झाल्यावर ती हळूच म्हणाली, "दादा, मोठ्या हंड्याची कडी झिजलीय. उकळता रंग उचलताना जीव मुठीत धरावा लागतो. मुकादमाला सांगितलं, तर म्हणतो काम सोड. तो पडला मालकांचा मेहुणा. माझं नाव तेवढं घेऊ नका. घरात कमावणारी मी एकटीच आहे."

"पाणी घातलंय ना?" कारभारी म्हणाला. "मग निर्धास्त जा."

पुढे मालकाकडे जेवणावळ होती. मालकाने कारभाऱ्याला आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं. तेवढ्यानेच स्वारी फुगली. जेवता जेवता त्याने कडीचा विषय काढला. मालकाने कडीबद्दल काहीच विचारलं नाही. त्याने विचारलं, "असं म्हणतंय कोण?" मेहुणा समोरच जेवत होता. पण शेजारचा पाट पुन्हा मिळावा म्हणून कारभाऱ्याने नाव सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी रंगारणीचं काम गेलं. कडी होती तशीच राहिली. "मालकाचं मीठ खातो, मी तरी काय करणार?" असं म्हणून कारभाऱ्याने मनाची समजूत घातली.

त्यानंतर ओट्याकडे कुणी फिरकेना. हल्ली एकही गाऱ्हाणं येत नाही म्हणून मालकाने खूश होऊन कारभाऱ्याला शेला दिला, आणि या गृहस्थाने तो गावभर मिरवला. आता काय बोलायचं!

मग एका सकाळी कडी तुटली. उकळता रंग एका कामगाराच्या पायांवर सांडला. मालक धावत आला. "अरे, कुणीतरी आधी सांगायचं ना!"

 सगळे कारभाऱ्याकडे बघत राहिले. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं. त्याने खांद्यावरचा शेला काढून खाली ठेवला.

"तिने सांगितलं होतं," तो कसाबसा म्हणाला. "मीच तिचं नाव विकलं. एका पाटासाठी."

मालकाचीही मान खाली गेली. त्याने मेहुण्याची मुकादमी काढून घेतली. कारभारी रंगारणीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"ताई, चुकलो. परत या."

"कामावर येईन," ती म्हणाली. "ओट्यावर येणार नाही. हातावर पाणी तुम्हीच घातलं होतंत."

ती कामावर आली. भाजलेला कामगारही लंगडत का होईना, आला. कारभारी रोज सकाळी तांब्या भरून ओट्यावर बसायचा. संध्याकाळी तेच पाणी ओट्याजवळच्या शेवग्याच्या बुंध्याशी ओतून घरी जायचा.

तात्पर्य काय, तर माणसांचं ऐकायला नेमलेल्याने मालकाच्या मर्जीसाठी त्यांचा भरवसा मोडला, की माफी मागता येते, पण माणसं पुन्हा बोलत नाहीत.