झडाईच्या खिंडीतले सोडलेले बंद

ही समोर दोन कड्यांच्या मधे फट दिसते ना, ती झडाईची खिंड. खिंडीच्या तोंडाशी शेंदूर फासलेला धोंडा आहे, तीच देवी. तिला देऊळ नाही, छप्पर नाही. तिच्यासमोर आलं की अंगावरचं वरचं वस्त्र उघडायचं, अशी इथली रीत आहे. पूर्वी बाराबंदीचे बंद सोडत, आता तुमच्यासारखे लोक जॅकेटच्या चेनी सोडतात. पाऊस कोसळत असला तरी सोडायच्या. छाती उघडी ठेवून वरच्या सपाटीपर्यंत चढायचं आणि तिथं पोचल्यावर हवं ते पांघरायचं. रीत कुठून आली ते सांगतो. आमच्या वाडीत पिढ्यान् पिढ्या असंच सांगत आलेत.

पलीकडच्या डोंगरावर गड नांदता होता तेव्हाची गोष्ट. पायथ्याला धुरपा नावाची बाई राहायची. तिचा नवरा सुभान गडाचा जासूद होता, निरोप घेऊन ही खिंड ओलांडायचा. एका श्रावणात अंगावर साधी सुती बंडी असताना तो झडीत सापडला. कापड भिजून अंगाला चिकटलं, वर वारा लागला आणि माणूस काकडून गेला. धुरपाच्या पदरात तेव्हा तान्हा मुलगा होता, नावजी.

नावजी मोठा झाला आणि किल्लेदारानं बापाचंच काम त्याच्या गळ्यात घातलं. नाही म्हणायची सोय नव्हती. धुरपा खिंडीत आली, धोंड्यावर डोकं टेकून म्हणाली, "आई, माझ्या लेकाच्या अंगाला पावसाचा थेंब शिवू देऊ नकोस. खणानारळानं तुझी ओटी भरीन."

नुसता नवस बोलून ती थांबली नाही. कड्यावरची मोहोळं उतरवणाऱ्यांकडून मेण मागून आणलं, जवसाच्या तेलात कढवलं आणि जाड कापडावर थरावर थर चढवले. पाणी ओतलं तर अळूच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळायचं. त्या मेणकापडाचा तिनं टोपीसकट डगला शिवला. समोरून झड आत शिरेल म्हणून बंद पाठीवर घेतले. लेक निघाला की ती स्वतः ते घट्ट बांधायची आणि गाठींवर ऊन मेण लावायची.

नावजीला तो डगला नको होता. वाडीतले सगळे घोंगडी घ्यायचे. घोंगडी भिजते, जड होते, पण अंगाची वाफ तिच्यातून बाहेर पडते आणि ओली झाली तरी ऊब धरते. बिरू नावाचा मेंढपाळ त्याचा सोबती होता, त्यानं आपली जुनी घोंगडी देऊ केली होती.

"आये, जीव गुदमरतो गं यात," नावजी म्हणाला. "बिरूची घोंगडी नेतो."

"गुदमरू दे. भिजू नकोस," धुरपा म्हणाली. "तुझा बाप भिजून मेला."

नावजी पाठ फिरवून उभा राहिला. तिनं बंद बांधले.

त्या दिवशी निरोप तातडीचा होता म्हणे. निरोप घ्यायला एक माणूस खिंडीच्या माथ्यावर येईल, तो येईपर्यंत तिथंच थांब, असा किल्लेदाराचा हुकूम. नावजी धावतच चढला. चढावर अंग तापलं, घाम फुटला. घामाला बाहेर जायला वाट नव्हती. आतली बंडी चिंब झाली, धोतर चिंब झालं. तसाच तो माथ्यावर जाऊन उभा राहिला. निरोप घेणारा माणूस काही वेळेवर आला नाही. वारा सुटला तसा अंगावरचा घाम गार पडत गेला. डगला काढावा तर पाठीवरच्या गाठींना हात पोचेना. हुकूम मोडून खाली उतरायची छाती होईना.

दुपार कलताना बिरू मेंढरं वळवत तिथं आला. नावजी कड्याला टेकून बसला होता. ओठ निळे, बोलणं अडखळत.

"बिरू, बंद सोड," एवढंच तो म्हणाला.

बिरूनं कोयत्यानं गाठी कापल्या, त्याला आपल्या घोंगडीत गुंडाळलं, पोटाशी धरलं. उशीर झाला होता. नावजी त्याच्या मांडीवरच गेला.

त्याला खाली आणला. धुरपा रडली नाही. सगळ्यांच्या देखत तिनं डगला चाचपला, मग आतली बंडी पिळली. पाण्याची धार लागली. बायका म्हणाल्या, शिवण उसवली असेल, पाऊस आत गेला असेल. धुरपानं ओलं बोट जिभेला लावलं.

"खारट आहे," ती म्हणाली. "पाऊस खारट नसतो."

सुतक फिटल्यावर ती खण-नारळ घेऊन एकटी खिंडीत आली. तिनं देवीची ओटी भरली. बिरू जवळच मेंढरं राखत होता, त्यानं ऐकलं असं सांगतात. ती म्हणाली, "तू शब्द पाळलास, आई. एक थेंब शिवला नाही त्याला."

पुढं किल्लेदाराचा माणूस दारात आला. पोरगा गेला ते वाईट झालं, पण कापड नामी आहे, गडावरची बंदुकीची दारू पावसाळ्यात सर्दावते, तिच्या पोत्यांवर घालायला असंच कापड करून दे, असा निरोप होता. धुरपानं तोच डगला आणून त्याच्या हातात ठेवला.

"न्या. दारूला घाम येत नाही," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तो डगला पाहून गडावर तसंच कापड केलं आणि त्या पावसाळ्यात गडावरची सगळी दारू कोरडी राहिली म्हणतात. किल्लेदाराला वरून बक्षीस मिळालं. धुरपाकडं परत कुणी फिरकलं नाही.

मग ती या धोंड्यापाशी येऊन बसू लागली. येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावरचे बंद सोडायची. कुणी वेडी म्हणून हसे, कुणी ढकलून देई. एका वाटसरूनं तिला चाबकानं मारलं, तरी दुसऱ्या दिवशी ती जागेवर होती. म्हातारी होऊन ती इथंच गेली. तिच्यामागं बिरूनं लोकांना बंद सोडायला लावलं आणि त्याच्यामागं आमच्या वाडीनं.

आजही चैत्रात बायका इथं ओटी भरायला येतात. कुणाच्या पोरीचं लग्न जमत नसतं, कुणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला असतो. पण ओटी भरून झाली की तोंड मिटून खाली उतरतात. झडाईला कुणी नवस बोलत नाही. ती ऐकत नाही असं नाही. ती शब्दन् शब्द ऐकते, त्याचीच आम्हाला धास्ती आहे.