एकच गोळी, दोन नावं

नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावात औषधांची जाण असलेली माणसं चिक्कार होती. औषध दुकानदारांचा एक संघ होता, त्याचे अध्यक्ष नेमिनाथ चौगुले. सरकारी दवाखान्यात औषधं देणाऱ्यांची वेगळी संघटना होती, तिचे प्रमुख रऊफ मुजावर. आणि गावाबाहेर माळावर औषधनिर्माणशास्त्राचं महाविद्यालय होतं. तिथल्या प्राचार्या मालतीबाई पाटणकर.

तिघंही आपापल्या कामात चोख. आपण एकत्र यायला हवं, असं तिघांनाही वाटायचं. इतकं वाटायचं, की दरवर्षी त्यासाठी बैठक व्हायची. आणि दरवर्षी ती मोडायची.

मालतीबाईंचं म्हणणं साधं होतं. आमच्या मुलांना तुमच्याकडे प्रत्यक्ष काम शिकू द्या आणि नवं काही आलं, की तुमची माणसं आमच्याकडे शिकायला पाठवा. चौगुले म्हणायचे, "पाठवा की मुलं. पण आधी दुकानात, मग दवाखान्यात." मुजावर म्हणायचे, "दवाखाना सरकारी आहे. पहिला मान त्याचा." मग कार्यक्रमाच्या फलकावर कोणाचं नाव वर, यात दुपार जायची. एका वर्षी नावं गोलात लिहायचं ठरलं, तर गोल कुठून वाचायचा यावर वाद झाला. मालतीबाई घरी येऊन डोकं धरून बसायच्या. पण बैठक आमच्याच सभागृहात व्हायला हवी, हा हट्ट त्यांनीही कधी सोडला नव्हता.

त्याच गावात यमुनाबाई गुरव राहायच्या. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या. अर्ध्या गावाची मुलं त्यांच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली. त्यांना रक्तदाबाची गोळी दवाखान्यातून मिळायची. पुढे त्या शहरातल्या एका डॉक्टरला दाखवून आल्या. त्याने तीच गोळी लिहून दिली, पण कंपनीच्या नावाने. ती त्यांनी चौगुल्यांच्या दुकानातून घेतली. पाकीट वेगळं, रंग वेगळा. ही काहीतरी नवीन आहे असं समजून त्या दोन्ही गोळ्या घेत राहिल्या. एका सकाळी पाणी भरताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या नळापाशी कोसळल्या. खुब्याचं हाड मोडलं.

बातमी कळली तेव्हा मालतीबाईंच्या मनात पहिला विचार आला, तो असा: एकाच औषधाची वेगवेगळी नावं, हा धडा आपण पहिल्याच वर्षी शिकवतो. आपल्याकडे बोट दाखवायला जागा नाही. हे वाक्य तोंडात तयार ठेवूनच त्या दवाखान्यात गेल्या.

खाटेपाशी चौगुले आणि मुजावर आधीच उभे होते.

"चिठ्ठीत होतं तेच दिलं मी," चौगुले म्हणत होते.

"आमच्याकडून तर कितीतरी वर्षं हीच गोळी जाते," मुजावर म्हणाले.

दोघांचंही खरं होतं. आता मालतीबाई आपलं वाक्य बोलणार, तेवढ्यात यमुनाबाईंनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"तुम्ही मला बघायला आलाय, की मी सांगावं तुमची चूक नाही म्हणून?" त्या म्हणाल्या. "नसेल तुमची चूक. मग या दोन गोळ्या एकच आहेत, हे मला कोण सांगणार होतं?"

मालतीबाईंना तोंडातलं वाक्य कडू लागलं.

"मी सांगायला हवं होतं, यमुनाबाई," त्या म्हणाल्या. "माझी मुलं माळावर बसून हेच पाठ करत होती."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर चौगुले घसा खाकरून म्हणाले, "यावर एकदा बैठक बोलवायला हवी."

मालतीबाईंचा संयम तिथे सुटला. "बैठक नको आता. उद्या सकाळी माझी मुलं तुमच्या दुकानात येतील, निम्मी मुजावरांकडे जातील. फलक नाही, हार नाही. मी स्वतः तुमच्या बाकावर येऊन बसेन. हाकलायचं असेल तर गिऱ्हाइकांसमोर हाकला."

चौगुल्यांनी हाकललं नाही. मनात आलं असेल, पण हाकललं नाही. येणाऱ्याला मुलं सांगू लागली, की घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. पिशव्या फळीवर उलट्या होऊ लागल्या. कुठली गोळी दवाखान्यातली आणि कुठली दुकानातली, ते पहिल्यांदाच एका जागी दिसू लागलं. तरीही मुलं दवाखान्यातल्या गोळ्यांबद्दल विचारायला गेली, तेव्हा मुजावर सुरुवातीला म्हणाले, "विचारायचं असेल ते संघटनेच्या चिटणीसामार्फत विचारा." मालतीबाई त्यांना तावातावाने म्हणाल्या, "चिटणीस गोळी खाणार आहे का?"

मग एके दिवशी दामोदर सुतार पिशवी घेऊन आले. मधुमेहाची एकच गोळी त्यांच्याकडे दोन नावांनी होती. नवं पाकीट अजून फोडलेलं नव्हतं, रात्रीच्या जेवणापासून सुरू करायचं होतं. हे चौगुल्यांनी स्वतः पाहिलं. त्यांनी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली आणि कोणाला न विचारता फोन लावला.

"मुजावर, तुमचा पेशंट माझ्याकडे बसलाय. तुमची गोळी आणि माझी गोळी एकच आहे. येताय का? डॉक्टरांना मिळून विचारू."

मुजावर चालत आले. दोघांचा वाद झालाच, पण या वेळी तो गोळीवरून झाला आणि सुतारांच्या समोर झाला. सुतार एकच पाकीट घेऊन घरी गेले.

बाकावर बसलेल्या मालतीबाईंना हायसं वाटलं आणि पाठोपाठ स्वतःचा संताप आला. एवढं सोपं होतं हे.

संध्याकाळी त्यांनी हे सगळं यमुनाबाईंना जाऊन सांगितलं. यमुनाबाई काठीच्या आधाराने ओसरीवर पावलं टाकायला शिकत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं झालं, बाई," त्या म्हणाल्या. "पण मी पडायच्या आधी हे करायला तुम्हाला कोणी अडवलं होतं?"

मालतीबाईंनी पुढे होऊन यमुनाबाईंचा हात धरला आणि त्यांच्याबरोबर हळूहळू चालू लागल्या.

तात्पर्य: आपलं काम बिनचूक झालं, एवढ्याने जबाबदारी संपत नाही. ज्यांचं काम एकाच माणसासाठी असतं, त्यांनी मान बाजूला ठेवून वेळेवर एकमेकांशी बोलावं. नाही तर सगळे बरोबर ठरतात आणि भोगतो तो माणूस.