खारीचे रोप आणि साळिंदराचा काटा

डोंगरउतारावरच्या एका जंगलात, आंब्याच्या बुंध्यातील ढोलीत एक खार आपल्या पिलासह राहत असे. पिलाला दर हिवाळ्यात खोकला होई आणि त्यावर पानओव्याच्या पानांचा रस तेवढा लागू पडे. म्हणून तिने मडक्यात पानओव्याचे रोप लावून ते ढोलीत, दाराशी ठेवले होते. रोज सकाळी ओढ्यावरून तीन शिंपले पाणी आणून ती त्याला घाली. हा नेम तिने एक दिवसही चुकवला नव्हता.

थंडी पडली, पिलू खोकू लागले आणि नेमकी तेव्हाच रोपाने मान टाकली. पाने पिवळी पडून गळू लागली. फांदीवरचा कावळा म्हणाला, "अगं खारूताई, तहानलंय ते! हात आखडता कशाला घेतेस?" खारीने तिनाचे पाच शिंपले केले. चार दिवसांत रोपावर दोनच पाने उरली.

वाटेने जाणारे एक म्हातारे साळिंदर थबकले आणि मडके हुंगू लागले.

"झालं! मुळं खाणारे आले समाचाराला," कावळा खिदळला.

"मुळं खातो, म्हणूनच कुजकं मूळ वासावरून ओळखतो," साळिंदर म्हणाले. आपला एक गळालेला काटा त्याने मातीत खोल खुपसून बाहेर काढला. काटा चिखलाने माखला होता. "पोरी, हे तहानलेलं नाही, बुडतंय. कुजलेल्या मुळांना पाणी पिता येत नाही, म्हणून पानं मलूल दिसतात."

"मग किती दिवसांनी पाणी घालू, काका?"

"दिवस मोजू नकोस. थंडीत माती उशिरा वाळते, उन्हाळ्यात लवकर. रोज काटा खुपसून बघ. माती चिकटली तर थांब. कोरडा निघाला तरच घाल."

मुलांनो, थांबणे खारीला फार जड गेले. पिलू खोकत होते, कावळा तिला निर्दयी म्हणत होता आणि काटा सात दिवस ओलाच निघत होता. आठव्या दिवशी तो कोरडा निघाला, तेव्हा कुठे तिने एक शिंपला पाणी घातले. एक फांदी गेलीच. दुसरीच्या पेरातून मात्र पानांच्या हिरव्या जोड्या फुटल्या. थंडी सरण्यापूर्वी पिलाला पुरेल इतका रस निघाला.

तात्पर्य : काळजी आपल्या नेमाने किंवा भीतीने घेऊ नये, ज्याची घ्यायची त्याची गरज आधी तपासावी, आणि गरज नसेल तेव्हा हात आवरणे हीसुद्धा काळजीच समजावी.