न गळणारा डबा

माणसं गॅलरीत भाजी लावायला नुकती कुठे शिकत होती, तेव्हाची ही गोष्ट. यमुताईंच्या गॅलरीत तेलाचा एक रिकामा डबा आला. आपण आयुष्यात थेंबभरही तेल सांडलं नाही, याचा त्याला भारी अभिमान. यमुताई तळाला भोकं पाडायला खिळा-हातोडी घेऊन बसल्या, तेव्हा तो असा काही डगडगला की खिळा घसरून त्यांच्या बोटाला लागला. "राहू दे मेलं," म्हणत त्यांनी तशीच माती भरून मिरचीचं रोप लावलं.

डब्याला कोण आनंद! आपल्या पोटात कुणीतरी वाढतंय! यमुताई पाणी घालायच्या आणि तो थेंबन्‌थेंब जपून ठेवायचा.

"अरे, किती साठवशील?" शेजारची भोकं पाडलेली बादली हसली.

"तुझ्यासारखा गळका नाही मी, बादलीबाई!"

पण मिरची पिवळी पडू लागली.

"दादा, माझी मुळं कुजताहेत," ती एकदा म्हणाली. "श्वाससुद्धा घेता येत नाही."

डबा हादरला. "अगं, मी तर सगळं तुझ्यासाठीच साठवलं!"

"म्हणूनच तुला सांगतेय."

यमुताईंनी पिवळी पानं पाहिली, डबा अलगद आडवा केला आणि पुन्हा खिळा टेकवला. डबा भीतीनं गार पडला, पण तसूभरही हलला नाही. ठण्‌! ठण्‌! काळं पाणी भळभळा वाहिलं आणि मिरचीनं मोकळा श्वास घेतला.

"अहो यमुताई," खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "तुमचा डबा गळतोय!"

"ऐकलंस का गं मिरचे?" डबा आनंदानं दणाणला. "मी गळतोय!"