चिमणीची पाठ

"मग आता माझ्यात काय कमी आहे, चाचा?"

डॉ. शाल्मली गोगटेच्या हातात नवंकोरं प्रमाणपत्र होतं. जनावरांच्या मणक्यांवर हातांनी उपचार करण्याच्या परीक्षेत ती पहिली आली होती. पहिला धडा मात्र तिने तीन वर्षांपूर्वी इथे, माथेरानला, इनूसचाचांकडे गिरवला होता. चाचांनी जन्मभर घोड्यांच्या पाठी चोळल्या. परीक्षा एकही दिली नाही.

चाचांनी कागद अक्षरन् अक्षर वाचला.

"झकास! चल, हिरूची घोडी बघ."

हिरू ढेबेची चिमणी चार दिवस पाठीवर खोगीर ठेवू देत नव्हती. तिच्यावरच त्याचं घर चालायचं. बरी झाली नाही तर तिला विकायची, असं घरात ठरलं होतं. तेव्हापासून हिरूला घास गोड लागत नव्हता.

शाल्मलीने मणके चाचपले, दुखरी जागा शोधली, दाब दिला.

चिमणी फुरफुरून बाजूला झाली.

पुन्हा दाब. या वेळी घोडीने असा धक्का दिला, की शाल्मली लाल मातीत बसली.

"जागा चुकली का?"

"नाही."

"दाब?"

"तोही बरोबर."

"मग...?"

तिला उठवून चाचांनी तिचा हात घोडीच्या पाठीवर नुसता ठेवला. मग मागे जाऊन शाल्मलीच्याच खांद्यावर अंगठा रोवला.

"आई गं!"

"दगड झालाय. झोपली नाहीस?"

"परीक्षा होती ना... सहा महिने..."

चाचा खांदा चोळत राहिले. आधी ती कळवळली, मग तिला गुदगुल्या व्हायला लागल्या आणि ती खळखळून हसली. खांदे आपसूक खाली आले.

तिच्या हाताखाली काहीतरी सैल झालं.

चिमणीने मान खाली घातली, ओठ चाटले आणि लांब श्वास सोडला...

मग दुडक्या चालीने पुढे गेली, धुळीत लोळली, चारही पाय आभाळाकडे करून. ती उठताच हिरूने धावत जाऊन खोगीर आणलं, हळूच पाठीवर ठेवलं. घोडी शांत उभी राहिली. त्याने तिच्या गळ्यालाच मिठी मारली.

"डॉक्टरीणबाई, काय केलंत हो!"

"अरे, पण... चाचा, मी तर काहीच केलं नाही!"

चाचांनी पलीकडे लंगडणाऱ्या पांढऱ्या घोड्याकडे बोट दाखवलं.

"मग जा, त्यालाही तेवढंच कर."