संताचे काळे दाणे

फार पूर्वी, युरोपातल्या एका दरीत संन्यासिनींचा एक मठ होता. त्या दरीत सकाळी उतरलेलं धुकं जेवणवेळ टळली तरी हलायचं नाव घेत नसे. मठाची घंटा वाजली की ती वरून वाजते आहे की पाण्याखालून, ते कळायचं नाही. वाटेवरची माणसंसुद्धा धुक्यातून अशी यायची, जणू त्यांना पायच नाहीत.

मठाच्या अंगणात एक विहीर होती. एका संत बाईनं ती आपल्या हातांनी खणली, असं सगळे सांगत. त्या दरीत एक वाईट रोग होता, बरं का. आधी बोटांना मुंग्या येत, मग बोटं विस्तवात धरल्यासारखी जळत आणि शेवटी काळी पडून गळून जात. लोक त्याला नुसतं ‘आग’ म्हणत. आग लागलेलं माणूस मठात यायचं, महिनाभर राहायचं, विहिरीचं पाणी प्यायचं आणि बहुतेक वेळा बरं होऊन घरी जायचं.

मठात पाव भाजण्याचं काम ओडिला नावाच्या संन्यासिनीकडे होतं. तान्ही असताना कुणीतरी तिला मठाच्या दारात ठेवून गेलं होतं, त्याला आता चाळीस वर्षं झाली होती. मठ सोडून तिला दुसरं घर नव्हतं. पिठात हात घालायचे आणि विचार करत बसायचं, ही तिची खोड. मठाच्या प्रमुख बाईला सगळ्या ‘थोरली आई’ म्हणत. ती ओडिलाला म्हणायची, “अगं, एवढा विचार केलास तर पाव फुगायचा राहील आणि तुझं डोकं फुगेल!”

दरीत गहू थोडा पिकायचा. गरिबांचं धान्य म्हणजे राय, गव्हासारखंच पण हलक्या प्रतीचं. पावसाळी वर्षी रायच्या कणसांत मधूनच एखादा लांबट, वाकडा, काळा दाणा धरायचा. शेतातून जाताना संताच्या झग्याची कड ज्या कणसाला लागते त्यात असा दाणा येतो, असं लोक मानत. म्हणून त्याला म्हणायचे ‘संताचा दाणा’. तो कुणी फेकत नसे. उलट लाडक्या माणसाच्या पावात मुद्दाम मळून घालत. मठात एरवी पाहुण्यांना आणि आजाऱ्यांना गव्हाचाच पाव वाढायची रीत होती, पण संताच्या सणाला काळ्या दाण्यांचा एक मोठा पाव भाजत आणि दरीतल्या प्रत्येक मुलाला त्याचा घास देत.

त्या वर्षी पाऊस उघडला म्हणून नाही. काळे दाणे मूठमूठ निघाले, आणि आगही घराघरांत शिरली. नेला नावाची विणकराची आठ वर्षांची मुलगी त्या वर्षी तिसऱ्यांदा मठात आली. दोनदा ती इथे बरी झाली होती आणि दोनदा घरी जाऊन पुन्हा पडली होती. या खेपेला तिची करंगळी काळी पडली होती.

“आईची श्रद्धा कच्ची आहे,” लोक कुजबुजत. ते नेलाच्या आईच्या कानावर गेलं होतं. मठाचा शेवटचा चढ ती बिचारी गुडघ्यांवर चढून आली. ओडिलाला ते बघवलं नाही.

“घरी काय खाता गं तुम्ही?” तिनं विचारलं.

“राय, बाई. आमच्यात दुसरं काय असणार?”

ओडिला भट्टीपाशी येऊन बसली. इथे गहू, तिथे राय. इथे बरी, तिथे आजारी. पाव वाईट असेल, हे मनात आणायचीही तिला भीती वाटली. रोजच्या प्रार्थनेत देवाकडे जी मागायची, तीच ही वस्तू! तरी तिनं मठातल्या पाच कोंबड्या वेगळ्या कोंडल्या आणि त्यांना काळे दाणे घातले. दहा दिवसांत त्यांचे लाल तुरे निळेकाळे पडले. दोन कोंबड्या मेल्या. ओडिला त्यांना नावानं हाक मारायची. ती पिठाच्या कोठीमागे जाऊन रडली.

मग एका दुपारी, भट्टीच्या उबेत तिचा डोळा लागला. स्वप्नात सगळीकडे धुकं होतं आणि धुक्यात एक म्हातारी मांडी घालून सुपात धान्य निवडत होती. तिच्या झग्याची कड ओली होती. ओडिलानं तिला ओळखलं.

“काय करता?” तिनं हळूच विचारलं.

“माझ्या नावावर काय काय खपवलंय, ते निवडून काढते आहे,” म्हातारी म्हणाली. तिनं मान वर केली नाही. “डोळे अधू झालेत माझे. तुझे बरे आहेत ना?”

ओडिला जागी झाली ती थेट थोरल्या आईकडे गेली. कोंबड्या सांगितल्या, स्वप्न सांगितलं.

थोरल्या आईनं विचारलं, “मग आपल्या विहिरीचं पाणी काय करतं?”

“तहान भागवतं, आई.”

“आणि तू विश्वास कशावर ठेवतेस? कोंबड्यांवर की स्वप्नावर?”

“खरं काय ते कोंबड्यांनी दाखवलं,” ओडिला म्हणाली. “ते बोलून टाक, असं स्वप्नानं सांगितलं. नाहीतर माझी छाती झाली नसती.”

“या लोकांकडे दुसरं काही नाही गं,” थोरली आई म्हणाली. “एक संत आहे. तिच्या भरवशावर ते चालत इथवर येतात. तेच काढून घेतलंस तर घरीच मरतील. उद्याचा सणाचा पाव दरवर्षीसारखाच होईल. तू माझ्या आज्ञेत राहण्याची शपथ घेतली आहेस. ती मोडलीस तर हे दार तुला बंद.”

ओडिला भट्टीवर परतली. एका घमेल्यात राय होती, त्यात काळे दाणे चमकत होते. दुसऱ्यात गहू. दाराबाहेरच्या जगात आपण कुठे जाऊ, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. ती खूप घाबरली होती. घाबरतच तिनं गव्हाचं घमेलं ओढलं.

सणाच्या सकाळी सगळी दरी मठात लोटली. ओडिला पाव घेऊन आली तो पांढराशुभ्र! शिवाय बगलेत निळ्या तुऱ्याची एक कोंबडी. पोरं खिदळली, मोठी माणसं मात्र खवळली.

“संताचे दाणे कुठे आहेत?” गिरणीवाला ओरडला.

“मी ते काढून टाकले,” ओडिला म्हणाली आणि तिनं जे पाहिलं होतं ते सगळं सांगितलं. “आग या दाण्यांत आहे. संतानं ते दिलेले नाहीत. आपणच तिचं नाव त्यांना दिलं.”

“पाखंडी! बाहेर काढा हिला!” गलका उठला. थोरली आई पायरीवर उभी होती.

तेवढ्यात नेलाची आई पुढे आली. ती ओरडत नव्हती, म्हणून सगळे तिचं ऐकू लागले.

“बाई,” ती म्हणाली, “पोर आजारी म्हणून मी दारोदार फिरून दाणे मागायची. झोळी भरून आणायची. घरातल्या कुणाला एक दिला नाही. सगळे हिलाच घातले.” तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “म्हणजे मीच?”

त्या क्षणी अंगणातल्या प्रत्येक आईला आपापली पीठ मळायची परात आठवली.

ओडिलाला बाहेर काढायची आज्ञा द्यायची ती थोरल्या आईनं. ती पायऱ्या उतरली आणि सगळ्यांच्या देखत नेलाच्या आईपुढे गुडघे टेकून बसली.

“तू नाहीस,” ती म्हणाली. “तू आमचं ऐकलंस. दरवर्षी मुलांच्या तोंडात पहिला घास मी घातला आहे. हिनं मला काल सांगितलं, तरी आजही घालणार होते.” मग ती ओडिलाकडे वळली. “दार उघडंच आहे. मीच आंधळी झाले होते. आता सूप आण.”

नेलाची करंगळी गेली, पण हात वाचला. पुढे दरीत आग फारशी दिसली नाही. आणि लोक विहिरीवर यायचे थांबले का? छे! उलट सणाला प्रत्येक जण आपलं धान्य पोत्यात घालून मठात आणू लागला. दिवसभर धुक्यात बसून सगळे संताची गाणी म्हणत आणि दाणान् दाणा निवडत. एवढं किचकट काम, पण गाण्यात कुणाला कंटाळा येत नसे. सगळ्यांत उशिरापर्यंत नेलाची आई बसायची. निवडलेली मूठ ती उजेडात धरायची, पुन्हा एकदा पाहायची आणि मगच मुलीच्या ओंजळीत घालायची.

तात्पर्य: ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला भरवताना देवाचं नाव जरूर घ्यावं, पण हातातला घास आधी आपल्या डोळ्यांनी पाहावा.