हार कोणाची

फार फार वर्षांपूर्वी ऐकलेला एक आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही. तो आवाज दम तुटल्याचा होता.

पोरांनो, आणि पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या थोरांनो, दम तुटल्याला कसला आवाज असतो, असं तुम्ही म्हणाल. हुतूतू खेळणाऱ्याला विचारा. गडी मधली रेघ ओलांडून परक्यांच्या घरात शिरतो. एका दमात हुतूतूतू म्हणत राहतो. कोणाला तरी शिवतो आणि दम असेपर्यंत आपल्या घरात परत येतो. दम मध्येच तुटला की तो मेला. खेळातला मेला. त्या दिवशी तो आवाज चालला होता, चालला होता, आणि एकदम नव्हताच. पाठोपाठ एक खोकला आला. बस, एवढंच. पण सगळं राज्य मैदानाच्या कडेला बसलेलं होतं, आणि सगळ्या राज्याला तो खोकला ऐकू गेला.

आता पहिल्यापासून सांगतो. मी हळू बोलतो, थोडं सोसून घ्या.

त्या राज्यात नदीच्या दोन काठांवर दोन पाठशाळा होत्या. एक पूर्वेची, एक पश्चिमेची. तिथं मोठमोठे आचार्य शिकवायचे. पण व्याकरणाचे आचार्य बाजारात आले तर भाजीवालीसुद्धा त्यांना ओळखत नसे, आणि हुतूतूच्या वस्तादांची गाडी दिसली की माणसं उठून उभी राहत. दरबारात आचार्यांना सतरंजी होती, वस्तादांना चौरंग होता. सुगी संपली की दोन्ही पाठशाळांचा सामना व्हायचा, आणि त्या दिवशी राज्यातलं एकही दुकान उघडं राहत नसे.

मी पूर्वेच्या पाठशाळेत होतो. मला तिथं घेतलं ते मांड्या बघून, अक्षर बघून नव्हे. बाकीचे गडीही तसेच. रखमाजी धनगराचा, बोलायला तिखट. कुशाबा नावाड्याचा, बोलायला अगदीच कमी. कुशाबा लहानपणापासून नदीत बुडी मारून तळाची वाळू मुठीत घेऊन वर यायचा. त्याच्याएवढा दम राज्यात कोणाला नव्हता.

आमचे वस्ताद लबाड नव्हते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना राक्षस समजाल. आमच्या पोटऱ्यांना ते स्वतः तेल चोळत. शेवटचा गडी जेवल्याशिवाय त्यांनी कधी ताट ओढलं नाही. गड्याच्या पाठीला कान लावून ते त्याचा दम ओळखत. रखमाजी म्हणायचा, "आपल्या वस्तादांपुढे श्वासही चोरून घेता येत नाही." ते आल्यापासून पूर्वेची पाठशाळा एकदाही हरली नव्हती. आम्हाला ते बापाच्या जागी होते.

मैदानाच्या टोकाला, नदीच्या उताराजवळ, एक बाभूळ होती. त्या बाभळीची एक रीत होती. सामना संपला की राजा उभा राहून हरलेल्या वस्तादाला विचारायचा, "हार कोणाची?" वस्तादानं आपल्या एका गड्याचं नाव घ्यायचं. मग त्या गड्याचं मुंडासं बाभळीला बांधलं जायचं. पुढच्या सुगीपर्यंत ते तिथंच राहायचं, ऊन खात, फाटत. त्या गड्याला पाठशाळा सोडावी लागे. त्याच्या घरची माणसं वर्षभर मान खाली घालून चालत. ही रीत कोणी घातली ते कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ती मोडायचंही कोणाला सुचत नव्हतं.

आमच्यातल्या कोणाचं मुंडासं तिथं कधी लागलं नव्हतं. दर वर्षी पश्चिमेचंच लागायचं. पश्चिमेचे वस्ताद म्हातारे होते, पाठीत वाकलेले. दर वर्षी ते हरत, दर वर्षी एक नाव घेत. आमचे वस्ताद सरावाला जाताना बाभळीकडे बघून म्हणायचे, "म्हाताऱ्याचं धुणं अजून वाळलं नाही वाटतं." आम्ही हसायचो.

त्या वर्षी सामन्याच्या सकाळी आम्ही लंगोट कसत होतो. कुशाबा वस्तादांपुढे जाऊन उभा राहिला.

"वस्ताद, छाती भरलीय," तो म्हणाला. "दम निम्म्यावर येऊन अडतोय. आजची शेवटची चढाई दुसऱ्या कोणाला द्या."

वस्तादांनी त्याला फिरवलं, पाठीला कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"कफ आहे खरा," ते म्हणाले. "पण माणसं तुला बघायला आलीत रे. राजेसाहेब विचारतील, तुमचा तो पाणबुड्या कुठाय म्हणून. मी काय सांगू?"

"सांगा, आजारी आहे."

"नावाड्याच्या पोराला कफाचं भय? जा तू. मागे मी आहे ना."

 कुशाबानं मुंडासं घट्ट बांधलं. आम्ही सगळे तिथंच होतो. सगळ्यांनी हे ऐकलं.

सामना बरोबरीत आला. शेवटची चढाई आमची होती. कुशाबा रेघेवर वाकला, मातीला हात लावला आणि घुसला. पश्चिमेचे गडी मागे मागे सरकले. त्यानं एकाला शिवलं. आम्ही बघितलं, राजानं बघितलं, लोक ओरडायला तोंड उघडून उभे राहिले. आता फक्त परत यायचं होतं. तो वळला. रेघ त्याच्यापासून हातभर होती.

आणि मग तो आवाज.

आधी काही क्षण कोणी हललं नाही. जिंकलेले गडीसुद्धा हलले नाहीत. मग पलीकडचे ढोल सुरू झाले, तेव्हा आम्हाला कळलं की आम्ही हरलो. हरणं कसं असतं ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. रखमाजी आपल्या हातांकडे बघत उभा होता, जणू हातातून काहीतरी पडलं आहे. कुशाबा गुडघ्यांवर बसून खोकत होता.

राजानं म्हाताऱ्या वस्तादांना केशरी फेटा बांधला. मग तो आमच्याकडे वळला. ढोल थांबले.

"वस्ताद, हार कोणाची?"

आमचे वस्ताद पुढे झाले. खरं सांगतो, आम्हाला भीती वाटली नाही. आम्ही ओळीत उभे होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं की वस्ताद आता सांगतील: गडी आजारी होता, मीच पाठवला. त्यांचा फेटा बाभळीला लागला असता तर आम्ही सगळे खाली बसून रडलो असतो, पण ते खरं झालं असतं.

वस्ताद राजाकडे बघत राहिले. मग लोकांकडे. मग दरबाऱ्यांच्या रांगेकडे, जिथं त्यांचा चौरंग होता.

"कुशाबाची," ते म्हणाले. "दम कच्चा निघाला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी रखमाजीकडे बघितलं. त्याचं तोंड उघडं होतं. 

कुशाबानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. पायऱ्या उतरताना खालची पायरीच नसावी, तसं तो वस्तादांकडे बघत होता. मग त्यानं स्वतःच मुंडासं सोडलं आणि शिपायाच्या हातात दिलं. वस्तादांनी सकाळी काय ऐकलं होतं, ते तो बोलला नाही.

त्याचा बाप गर्दीत होता. पोराचा खेळ बघायला नवं धोतर नेसून आला होता. तो उठून पोराकडे निघाला तेव्हा कोणीतरी मागून म्हणालं, "काय नावाडीबुवा, पोराचा दम बुडाला की."

बाप थांबला. "बुडालेल्याला वर काढायचंच काम करतो मी," तो म्हणाला. "उद्या तुलाही काढीन." पोराच्या उघड्या डोक्यावर हात ठेवून तो त्याला होडीतून पलीकडच्या काठावर घरी घेऊन गेला.

संध्याकाळी वस्तादांनी आम्हाला तालमीत बोलावलं. तेलाची वाटी पुढे होती, पण कोणी पाय पुढे केला नाही.

"असे काय बघता?" वस्ताद म्हणाले. "नाव कोणाचं तरी घ्यावंच लागतं. माझं नाव गेलं तर पाठशाळेचं नाव गेलं. मग तुम्हाला उभं कोण करील? मी तुमच्यासाठीच केलं हे."

"वस्ताद," रखमाजी हळूच म्हणाला, "सकाळी तुम्ही त्याच्या पाठीला कान लावला होता."

"लावला होता."

"काय ऐकू आलं?"

वस्तादांनी वाटी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "पहाटे मैदानावर या. नवा चढाईवाला तयार करायचा आहे." 

त्या रात्री आम्ही झोपलो की नाही, मला आठवत नाही. उजाडायच्या आधी रखमाजी उठला. तो मैदानाकडे जातो आहे असं वाटून आम्ही त्याच्यामागे गेलो. तो मैदानावर थांबलाच नाही. सरळ बाभळीकडे गेला. कुशाबाचं मुंडासं एकटंच वाऱ्यावर हलत होतं. रखमाजीनं आपलं मुंडासं सोडलं आणि शेजारच्या फांदीला बांधलं. काटा लागून त्याच्या हाताला रक्त आलं. ते त्यानं धोतराला पुसलं आणि बाजूला झाला.

मग आमच्यातला दुसरा पुढे गेला. मग मी. शेवटी आम्ही सगळे उघड्या डोक्यानं उभे होतो आणि ती बाभूळ भलत्याच फुलांनी फुलल्यासारखी दिसत होती.

पश्चिमेचे गडी रात्री आमच्याच काठावर मुक्कामाला होते. पहाटे ते होडीसाठी उताराकडे आले. पुढे त्यांचे म्हातारे वस्ताद. बाभूळ बघून ते जागच्या जागी थांबले.

"हे काय रे पोरांनो?"

"हार आहे, वस्ताद," रखमाजी म्हणाला. "एकट्याला जड होती."

म्हातारे मान वर करून एकेक मुंडासं मोजू लागले. तेवढ्यात आमचे वस्ताद मैदानाकडून येताना दिसले. मैदान रिकामं बघून ते आम्हाला शोधत आले होते. त्यांनी आम्हाला बघितलं, आमची डोकी बघितली, मग बाभूळ बघितली. त्यांचे पाय तिथंच रुतले. खेळातला इतका मोठा जाणकार माणूस, पण असा डाव त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"खाली काढा ती," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "राजेसाहेब काय म्हणतील? चला, मैदानावर."

"नाही यायचं, वस्ताद," रखमाजी म्हणाला. "चढाईला माणूस एकटा जातो, पण मागे कोणीतरी आहे म्हणून जातो. मागे कोणी नाही हे कळल्यावर आमचा दम आपल्याच घरात तुटेल."

 मग म्हाताऱ्या वस्तादांनी आपल्या डोक्यावरचा केशरी फेटा उतरवला. कालच राजानं आपल्या हातानं बांधलेला. इतक्या वर्षांत त्यांना मिळालेला तो एकच होता. 

"गेल्या वर्षी मी ज्याचं नाव घेतलं," ते आमच्या वस्तादांना म्हणाले, "तो पोरगा राज्य सोडून गेला. त्याच्या आईला मी अजून तोंड दाखवलेलं नाही. त्याच्याआधीही दर वर्षी कोणी ना कोणी होतंच. मला वाटायचं, रीत आहे, मी काय करणार. ह्या पोरांना सुचलं ते मला का नाही सुचलं?"

त्यांनी टाचा उंचावून फेटा फांदीला गुंडाळला. जिंकलेला वस्ताद उघड्या डोक्यानं उभा राहिलेला आम्ही कोणी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या गड्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्यांचेही हात आपापल्या डोक्याकडे गेले.

आता त्या उतारावर एकच डोकं झाकलेलं होतं.

आम्ही सगळे आमच्या वस्तादांकडे बघत होतो. मनातल्या मनात मी देवाला हाका मारत होतो. कारण अजूनही ते आमचेच होते. त्यांनी फेटा नुसता सैल केला असता तरी आम्ही धावत जाऊन त्यांचे पाय धरले असते. त्यांचा हात वर गेला. कानापर्यंत गेला. फेट्याच्या कडेला बोटं लागली.

आणि हात तसाच खाली आला.

वस्ताद वळले आणि निघून गेले.

त्यांना कोणी थांबवलं नाही आणि त्यांच्यामागे कोणी गेलं नाही. आम्ही पश्चिमेच्या गड्यांबरोबर त्यांच्याच होडीतून पलीकडे जाऊन कुशाबाला परत आणलं. राजानं ती बाभूळ बघितल्यावर तो प्रश्न पुन्हा कोणालाही विचारला नाही, आणि आमच्या वस्तादांच्या हाताखाली ज्यानं चढाई करावी असा एकही गडी त्यांना पुन्हा त्या राज्यात मिळाला नाही.

जिंकल्यावर गड्यांच्या मागे आणि हरल्यावर गड्यांच्या पुढे उभा राहतो, तोच खरा वस्ताद.